एकोणीस मिलिमीटरचं वलय

४ मार्च

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. सेहेचाळीस वर्षांच्या, केसांना कलप लावणाऱ्या माणसाला 'छोट्या' म्हणू नये असं वहिनी मागे म्हणाली होती. तिला सांग, ही सवय आहे, तिच्यावर औषध नाही. मी बरी आहे. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो. तुझ्या तेलाच्या भट्टीवर फोन लागत नाही आणि खालच्या दुकानदाराकडे निरोप दिला तर तो अर्धाच पोचवतो, म्हणून पत्र. शिवाय ही बातमी फोनवर दोन मिनिटांत संपून गेली असती. तुला ती पुन्हा पुन्हा वाचता यावी असं वाटलं.

तुझं रानवेलचीचं तेल पास झालं. नुसतं पास नाही, पहिल्या नंबरानं पास झालं.

सोबत रिपोर्ट आहे, सहीशिक्क्यासकट. त्यातलं कोष्टक बघून तू डोकं खाजवशील, म्हणून सांगते. काचेच्या बशीत जंतूंचं खाद्य ओतून थिजवतात. त्यावर जंतू पसरतात आणि मधोमध तेल लावलेली कागदाची टिकली ठेवतात, करंगळीच्या नखाएवढी. बशी एक दिवस उबेत ठेवली की जंतूंची दाट साय धरते. तेलात दम असेल तर टिकलीभोवती तेवढा स्वच्छ गोल उरतो. त्याला आम्ही वलय म्हणतो. पट्टी लावायची आणि मोजायचं. जेवढं वलय मोठं, तेवढं तेल जोरकस.

पुवातला जंतू, चोवीस मिलिमीटर. पोटातला, सतरा. आणि तिसरा, वाढताना हिरवा रंग सोडतो म्हणून ज्याला आम्ही नुसतं 'हिरवा' म्हणतो, तो एकोणीस! छोट्या, हा हिरवा म्हणजे अगदी कोडगा प्राणी. साबणाच्या पाण्यात जगतो, नळाच्या तोटीत जगतो, भल्याभल्या औषधांना भीक घालत नाही. आल्याच्या कुळातल्या फळांची तेलं मी तीस वर्षांत कितीतरी तपासली. साधा वेलदोडा, मोठा वेलदोडा, कुठकुठली रानटी बोंडं. हिरव्यापुढे सगळ्यांनी नांगी टाकली. तुझ्या रानवेलचीनं टाकली नाही. आमच्या लॅबच्या प्रमुख, मोठ्या बाई, बशी खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होत्या. "हे तेल कुणाचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्या भावाचं." असं म्हणताना किती बरं वाटलं ते तुला काय सांगू.

कोष्टकाच्या शेवटच्या ओळीत 'नुसता द्रावक: वलय नाही' असं आहे. ते तुझ्या कामाचं नाही. तेल टिकलीवर नीट पसरावं म्हणून आधी एका द्रवात विरघळवतात, त्या द्रवाबद्दलची ती ओळ आहे. नियम म्हणून लिहावी लागते.

जखमा धुण्याचं औषध बनवणाऱ्या त्या कंपनीला प्रत पाठवली आहे. तुला लवकरच त्यांचं बोलावणं येईल. तेलात काय काय घटक आहेत तो कागद मागाहून येईल; ते काम यंत्रावरच्या नाकोजीकडे आहे. (खरं नाव वेगळं आहे. प्रत्येक बाटली आधी हुंगतो म्हणून नाकोजी.)

वहिनीला म्हणावं, बोंडं तिनं निवडली म्हणून तेल असं उतरलं. आणि त्या दिवशी जेवताना मी जे बोलले ते आता तरी दोघांनी विसरा.

तुझी ताई


२५ मार्च

प्रिय छोट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. वहिनीच्या हातावर वाफ आली हे वाचून जीव खालीवर झाला. नळीचा सांधा सुटला म्हणतोस. तो सांधा दोन वर्षांपूर्वीच मला बरा दिसला नव्हता, पण तेव्हा बोलले असते तर तू म्हणाला असतास, आली शहाणी. आता तरी बदल. आणि उजवाच हात भाजावा, तोही मनगटापासून बोटांपर्यंत! तिला कामाला हात लावू देऊ नकोस. स्वयंपाक तू कर, कच्चा-करपका कसाही होवो. ती नावं ठेवील, तेवढंच तिचं मन रमेल.

तू लिहितोस की दवाखान्यातलं मलम फार चरचरतं म्हणून तिनं ते बाजूला ठेवलं, आणि आता दिवसातून दोन वेळा आपलंच तेल लावताय. 'ताईचा शिक्का आहे, मग मलम कशाला?' असं वहिनी म्हणाली म्हणून लिहिलंयस. वाचलं मी ते.

तेल जपून लावा. पातळ करून, थोडं थोडं. आणि डॉक्टरांना एकदा हात दाखवून आणलात तर बरं.

इथली ओळ खोडली आहे, ती वाचायचा प्रयत्न करू नकोस. भलतंच काहीतरी लिहीत होते.

नाकोजीचा कागद आला. तेलात निम्म्याहून जास्त सिनिओल आहे, तेच निलगिरीच्या तेलात असतं, ज्यानं नाक मोकळं होतं ते. त्याच्या खालोखाल टर्पिनाइल ॲसिटेट, वेलचीचा गोडसर वास येतो तो त्याचा. बाकी पायनीन, लिमोनीन असली किरकोळ मंडळी. नाकोजी कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाई, माणसं सगळी ओळखीची आहेत. यातला कोण हिरव्याला मारतो ते मला दाखवा." मी म्हटलं, "तुम्ही यंत्र सांभाळा, नाकानं कांदे सोलू नका." तो हसला नाही. एरवी हसतो. त्यावरून आमचं जरा वाजलंच.

कंपनीचं बोलावणं आलं म्हणतोस. अभिनंदन. पण सही एवढ्यात करू नकोस. का ते विचारू नकोस. कधीतरी थोरलीचं ऐकावं माणसानं. वहिनीचा हात भरून येऊ दे, मग बघू.

इकडे उन्हाळा वाढलाय. लॅबमधला पंखा वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करतो. आमच्या जिन्यात मांजर व्यायली, चार पिल्लं. एक माझ्याच चपलेत झोपतं.

जखमेचा रंग कसा आहे ते उलटटपाली कळव. वास येत असेल तर तेही. विसरू नकोस.

ताई


९ एप्रिल

प्रिय छोट्या,

हे पत्र बसून वाच. वहिनीजवळ वाचू नकोस, आणि तिला वाचूनही दाखवू नकोस. ते मी स्वतः येऊन सांगणार आहे.

तुझं पाच तारखेचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात तू लिहिलंयस, 'चूक माझीच. फडकी मी नीट उकळली नसणार, किंवा हात धुवायला विसरलो असेन. डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले की घरगुती उद्योगांनी बाईचा हात घालवलात. तिचा भाऊ माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तिची दोन बोटं माझ्या हलगर्जीपणानं गेली. तू मनाला लावून घेऊ नकोस, तू पास केलेलं तेल तर चांगलंच होतं.'

ते वाक्य मी दोन दिवस वाचतेय. तू पास केलेलं तेल तर चांगलंच होतं.

फडकी तू नीट उकळली होतीस, छोट्या. हातही धुतले असशील. चूक माझी आहे. कशी ते पहिल्यापासून सांगते. मधे कुठे स्वतःची बाजू घेतलीच तर ती ओळ तू खोड.

मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की द्रवाची ओळ तुझ्या कामाची नाही. कामाची तीच होती. तेल ज्या द्रवात विरघळवायचं, तो नुसता द्रवही एका टिकलीला लावून वेगळ्या बशीत ठेवावा लागतो. तिथे वलय आलं नाही तरच म्हणता येतं की बाकीच्या बशांतली वलयं तेलाची आहेत. ती बशी मी लावलीच नव्हती. शेवटची उरलेली बशी उघडली तर तिच्यात बुरशी. नवीन ओतून थिजवायच्या तर एक दिवस मोडणार. कंपनीला सोमवारी रिपोर्ट हवा होता. आणि मला तो त्यांच्यापेक्षा जास्त हवा होता. तीस वर्षांत ती टिकली मी हजार वेळा ठेवली असेन, हजारही वेळा वलय आलं नाही. यंदा तरी काय येणार? मी वहीत लिहून टाकलं, वलय नाही. हात सुद्धा अडखळला नाही.

नाकोजी जे बोलला ते मला लागलं होतं. पण ते पंचवीस तारखेच्या आधीचं. त्याचा कागद माझ्या हातात अठरालाच आला होता. एकोणिसाला मी कुणाला न सांगता सगळं पुन्हा लावलं, द्रवाची नवी बाटली फोडून. वीस तारखेला सकाळी बशा काढल्या. पुवातल्या जंतूपुढे बारा मिलिमीटर, पोटातल्यापुढे नऊ. टिकलीच मुळी सहाची असते, म्हणजे बघ. आणि हिरवा टिकलीच्या कडेला येऊन भिडला होता. वलय नाहीच. तुझं तेल त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

पण एकोणिसालाच मी आणखी एक बशी लावली होती. तिच्यातही हिरवाच पसरला होता, पण टिकलीवर तेल नव्हतंच. नुसता जुन्या बाटलीतला द्रव. तिच्यात वलय आलं होतं. पट्टी तीनदा लावली. एकोणीस.

त्या बाटलीत दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी कुणीतरी प्रतिजैविक विरघळवून ठेवलं होतं. पुसटशी चिठ्ठी मागच्या बाजूला होती. मी पुढची बाजू बघून बाटली उचलली होती. चुकीची बाटली कुणाच्याही हाताला लागते. त्यासाठीच तर ती टिकली असते. मी न ठेवलेली.

मी बाटली उचलली आणि माझ्या कपाटात डब्यामागे ठेवली. फेकली नाही. कुणाला दाखवलीही नाही.

ही वीस तारीख. वहिनीचा हात सतरालाच भाजला होता, पण ते मला चोवीसला कळलं. चोवीसपर्यंत मी स्वतःला सांगत होते की नुसता एक कागद चुकलाय, सवडीनं दुरुस्त करू. चोवीसला तुझं पत्र वाचलं तेव्हा सवड संपली होती हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आणि तरी पंचवीसला मी तुला काय लिहिलं? 'जपून लावा' असं लिहिलं. 'लावू नका' असं लिहिलं नाही. भाजलेल्या कातडीवर तसलं तेल लावूच नये, ते रिपोर्ट खरा असता तरी लावू नये, हे मला ठाऊक होतं. खोडलेल्या ओळीत तेच होतं. लिहिलं आणि गिरगटून टाकलं, कारण पुढचं तुझं पत्र 'का?' असं विचारणारं आलं असतं.

मग तुझं एकोणतीस तारखेचं पत्र एकतीसला दुपारी लॅबमध्ये आलं. 'पट्टीला हिरवट पाणी लागतं, पण वास मात्र गोड येतो, आपल्या तेलाचाच असावा.' छोट्या, तो वास तेलाचा नव्हता. तो हिरव्याचाच असतो, पिकल्या द्राक्षांसारखा. बशीचं झाकण उघडलं की हाच वास येतो. तीस वर्षं घेतेय मी तो. जागेवरून उठले तशी खुर्ची मागे पडली. दुकानदाराला फोन लावला आणि म्हटलं, "धावत जा आणि त्याला घेऊन या, फोन मी चालू ठेवते." अठरा मिनिटं मी त्याच्या दुकानातली तागडी वाजताना ऐकत होते. तू धापा टाकत आलास. मी एवढंच म्हटलं, "तेल थांबव. तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने, पट्टी काढू नकोस, हिरवं पाणी येतंय हे पहिलं सांग." तू विचारलंस, "झालं काय पण?" मी म्हटलं, "जा आधी."

काय झालं ते हे. तीन तारखेला तिची करंगळी आणि अनामिका काढली. अकरा दिवस आधी गेली असती तर निघाली नसती असं मी म्हणत नाही, ते डॉक्टरच जाणे. पण अकरा दिवस तिला मिळाले असते, ते मी ठेवून घेतले.

का, हे तू विचारशील. तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होते. तुझं कंपनीचं काम मोडेल म्हणून. खोटं आहे ते. आठ वर्षांपूर्वी सगळे नातेवाईक जेवायला बसले होते आणि कुणीतरी विचारलं, धाकटा हल्ली काय करतो? तू उत्तर द्यायच्या आत मी म्हणाले, "पाणी उकळतो आणि वास विकतो." सगळे हसले. तूही हसलास. वहिनी हसली नाही, ताट उचलून आत गेली. तो रिपोर्ट म्हणजे त्या वाक्याची भरपाई होती. माफी मागून झाली होती, ती सुद्धा सहीशिक्क्यानं. आता ती परत कशी घ्यायची, हे मला कळेना. आणि शिवाय भीती. तीस वर्षांत माझ्या एकाही आकड्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. ते बोट मला नको होतं. हे लिहिताना शब्द कुठला आला बघ. पण खोडत नाही.

सात तारखेला मी बाटली घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. वही उघडून ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा काढला.

"ही बशी लावलीच नव्हती?"

"नाही."

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"वीस मार्चपासून."

"कुणी वापरलं का ते तेल?"

मी सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "चूक मी समजू शकते हो. तुमची तर नक्कीच. पण हे अठरा दिवस मी कुठे ठेवू?"

रिपोर्ट रद्द केल्याचं पत्र काल कंपनीला गेलं. माझ्या हातानं पेटीत टाकलं. तुला हे पत्र त्यानंतर लिहितेय, मुद्दाम. आधी तुला कळलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ दे ताई, राहू दे तो कागद. तू तसा आहेस. आणि मला ते ऐकायचा मोह झाला असता. तुझं काम मोडलं, छोट्या. ते मीच मोडलं.

सोबत दुसरा कागद आहे. त्यावर एवढंच लिहिलंय की तेल लावणं माझ्या चुकीच्या रिपोर्टमुळे झालं, नवऱ्याच्या निष्काळजीपणानं नाही. खाली सही आहे. तो डॉक्टरांना दाखव आणि वहिनीच्या भावाला दाखव. त्यानं मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मी शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. घ्यायला येऊ नकोस.

ताई


६ मे

प्रिय छोट्या,

घरी येऊन तीन आठवडे होत आले. तुझं पत्र नाही, ते मी धरूनच चालले होते. तरी पोस्टमन गेल्यावर खाली उतरून पेटी बघते. गुडघ्याला सवय झाली.

तू फाटकाशी मला एकच प्रश्न विचारलास, किती दिवस माहीत होतं? मी अकरा म्हणाले. तू म्हणालास, "रोज दोनदा लावत होतो मी. म्हणजे बावीस वेळा." आणि भट्टीत निघून गेलास, तो मी असेपर्यंत घरात फक्त जेवायला आलास. त्यामुळे आत काय झालं ते तुला माहीत नाही. वहिनी सांगणार नाही. म्हणून लिहितेय.

ती पलंगावर बसली होती, हात उशीवर. मी पत्रात लिहिलेलं सगळं तिला तोंडानं सांगितलं, बाटलीपासून अकरा दिवसांपर्यंत. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. माझं संपता संपता मला रडू फुटलं. ती म्हणाली, "ताई, माझ्यासमोर रडू नका. मग मलाच तुमची समजूत काढावी लागेल, आणि माझ्यात तेवढी ताकद नाही." मी डोळे पुसले. काय करणार होते?

मग म्हणाली, "मला सगळ्यात राग कशाचा आलाय सांगू? यांनी पंधरवडा स्वतःला शिव्या दिल्या. ताटावर बसायचे आणि उठायचे. माझी बोटं गेली त्याचं मी बघेन. पण तुम्ही त्यांना त्यात ठेवलंत."

मी म्हटलं, "हो."

"नुसतं हो?"

"दुसरं काय म्हणू? खरं आहे ते."

ती भिंतीकडे वळली. मी उठून जावं की बसावं, कळत नव्हतं. बसले.

संध्याकाळी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या, त्या तू बघितल्यास. उरलेली तीन बोटं रोज दोन वेळा वाकवायची, नाहीतर कातडी आवळून हात काठीसारखा होईल, असं त्या सांगून गेल्या. दुखेल, पण थांबायचं नाही, म्हणाल्या. त्या गेल्यावर वहिनीनं हात माझ्यापुढे केला.

"हे फार हळू करतात," म्हणाली. "मी 'हं' केलं की सोडून देतात, आणि मग स्वतःच बाहेर जाऊन डोळे पुसतात. तुम्ही करा. दुखवणं तुम्हाला जमेल."

छोट्या, चेष्टेत नाही म्हणाली. टोमणाही नव्हता तो. कामाचं माणूस बघून काम सांगतात, तसं सांगितलं.

मी केलं. तर्जनी, मधलं बोट, अंगठा. ती दात आवळून छताकडे बघत होती. एकदा ओरडली. मी थांबले नाही. दहा वेळा झाल्यावर ती म्हणाली, "पुरे. उद्या सकाळी." असे चार दिवस, आठ वेळा. तिसऱ्या दिवशी तू खिडकीबाहेर उभा होतास. तुझी सावली आत पडली होती. ती ओरडली तशी सावली हलली, पण तू आत आला नाहीस. तिनं पाहिलं होतं. त्या वेळी तिनं दहाऐवजी बारा वेळा वाकवू दिलं.

इकडची खबर. चौकशी झाली. सही करायचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला, नोकरी राहिली. आता मी बशा ओतते, धुते, मोजते, आणि माझा प्रत्येक आकडा दुसरं कुणीतरी तपासून सही करतं. बारा वर्षांनी धाकटी बाई आहे ती, फार सभ्यपणे तपासते, तेच जास्त लागतं. नाकोजी पहिल्या दिवशी येऊन माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला.

कंपनीनं नकार कळवला असेलच. तुझ्या तेलाचा नवा रिपोर्ट सोबत आहे, सही त्या तपासणाऱ्या बाईंची आणि नाकोजीची. त्यात फुगवलेलं काही नाही. दोन जंतूंना थोडंफार आवरतं, हिरव्याला नाही. जखमेसाठी नाही, असं ठळक अक्षरात मीच घालायला लावलं. वासाबद्दल नाकोजीनं आपणहून दोन ओळी लिहिल्यात. असा स्वच्छ वास वीस वर्षांत हुंगला नाही म्हणतो. त्याचं नाक मी मानते. वासापुरतं कुणी घेईल की नाही ते मला सांगता येत नाही, आणि आता न तपासलेलं काही सांगणार नाही.

काल वहिनीची चिठ्ठी आली. डाव्या हातानं लिहिलेली, अक्षरं सगळी उताराला लागलेली. 'अंगठा अजून वळत नाही. सुट्टी मिळत असेल तर या.' एवढंच. खाली नाव नाही, वर मायना नाही. मी पंधरा दिवसांची रजा टाकली.

शुक्रवारी पोचते. तू माझ्याशी बोलू नकोस, चालेल. मी तेवढ्यासाठी येत नाहीये. पण सकाळ-संध्याकाळ तिचा हात माझ्या हातात असेल तेव्हा खिडकीबाहेर थांबू नकोस, आत येऊन बस. ती मला असं काही म्हणालेली नाही. मीच म्हणतेय.

खाली 'ताई' लिहिलंय. तुला खोडावंसं वाटलं तर खोड. मी आपणहून खोडणार नाही.

ताई